फुलाच्या दिवशी उचलायचं कापड

भाकर तव्यावर फुगायला आली होती. ओसरीवर जयवंताचा नवरा भगवंत कडुनिंबाची काडी चावत बसला होता आणि सून वर्षाली अमरावतीच्या बाजाराला न्यायच्या मेथीच्या जुड्या बांधत होती.

"अवं, जुडी बांधून राह्यली का लेकराले झबलं घालून राह्यली? आवळ जरा," जयवंता चुलीपुढूनच म्हणाली.

"न पाहता कसं समजते बाप्पा तुमाले!" वर्षाली हसली.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

फाटकाबाहेर गीतांजली उभी होती, दोन घरं सोडून राहणाऱ्या महादेवरावांची सून. डोईवरचा पदर घसरला होता, पायात चप्पल नव्हती. फेब्रुवारीतली पहाट, अजून अंगावर काटा येईल अशी थंडी.

"आत ये ना वं. बाहेर कावून उभी?" जयवंता फाटकाशी येत म्हणाली.

"नाही काकू. सुतक हाय ना आमाले. इथूनच बोलतो."

पदराचा बोळा तोंडाशी धरून नुसती उभी राहिली. जयवंतानं तिला वेळ दिला. मागे तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.

"एक बी टरबूज धरलं नाही, काकू," शेवटी गीतांजली म्हणाली. "कापड वर करून पाह्यलं म्या, काडीनं. सारे वेल हिरवेगार, फुलंच फुलं, अन् फय एक नाही. मामाजी म्हन्तेत, त्या कापडानं वावर खाल्लं. गावभर सांगून राह्यले. बाकीच्या बाया बी आज आपापलं कापड फाडून टाकतो म्हन्तेत."

गीतांजलीच्या एकरभर टरबुजावरचं ते पांढरं कापड जयवंताच्याच शब्दावर अंथरलेलं होतं. आणि तिच्या शब्दावर विसंबलेली गीतांजली एकटी नव्हती. गावात आणखी सहा घरांनी यंदा तेच केलं होतं.

ते कापड जयवंताच्या आयुष्यात आलं कसं, हे सांगायला हवं.

जयवंता मूळची अकोल्याची. शहराच्या कडेला माहेरचा फुलांचा मळा, त्यामुळे चालायला लागली तेव्हापासून बोटांत सुई-दोरा. सातवीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी नांदगाव खंडेश्वरजवळच्या या गावात भगवंताच्या घरी आली. अडीच एकर वावर, एक विहीर आणि अबोल नवरा. तीस-पस्तीस वर्षं तिनं वांगी, मेथी, काकडी पिकवली आणि अमरावतीच्या बाजारात बसून विकली. तिची एक सवय मात्र माहेरचीच राहिली. नवी वस्तू समोर आली की आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहायची. लुगडं असो, पोतं असो, नाहीतर देवळातलं वस्त्र.

चार वर्षांपूर्वी भगवंताचा मोतीबिंदू काढायला ती अकोल्याला गेली होती. ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टरनं त्याच्या डोक्यावर एक निळसर टोपी चढवली, अंगावर तसाच पातळ झगा. जयवंताचा हात आपोआप त्या झग्याच्या काठाकडे गेला. तिनं चोळून पाहिलं, उजेडात धरलं, काठावरून एखादा धागा निघतो का म्हणून नखानं उकरलं. धागाच नव्हता. ना उभा, ना आडवा.

"ओ बाई! ते फाडू नका!" सिस्टर ओरडली.

"फाडून नाही राह्यली, माय. धागा शोधून राह्यली. विणलं नाही तं हे कापड झालं कसं?"

सिस्टरला ते माहीत नव्हतं, आणि तेव्हा सांगायला वेळही नव्हता. सांगितलं जयवंताच्या भावाच्या मुलानं, धर्मेंद्रनं. तो अकोल्याच्या एमआयडीसीत अशाच कापडाच्या पिशव्या करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. त्यानं आत्याला कोपऱ्यात पडलेला एक तुकडा आणून दिला आणि तिला उमगेल अशाच भाषेत समजावलं.

"आत्या, तू खाटेवर शेवया वाळत टाकतेस का नाही? ओल्या असताना एकीवर एक पडल्या तं काय होते?"

"चिकटतेत मेल्या. मंग उचलली तं सारी चादरच उठते."

"तेच. इथं शेवया प्लास्टिकच्या, केसाहून बारीक. गरम असताना जाळीसारख्या पसरवतेत अन् वरून दाबतेत. विणायचं कामच नाही. म्हणून काठ कापला तं उसवत नाही, शिवायच्या जागी नुसतं तापवून चिकटवता येते. हवा जाते, पानी झिरपते. माशी मात्र जात नाही."

'माशी जात नाही' हे शब्द जयवंतानं गाठीला बांधले. पांढऱ्या माशीनं तिचं टरबूज दोन साल लागोपाठ नासवलं होतं. पानं आकसायची, वेल खुरटायचे, आणि फवारे मारून मारून भगवंताचे हात सोलायचे. धर्मेंद्रनंच मग सांगितलं, की याच जातीचं, अजून पातळ, पिकावर घालायचं कापड मिळतं. दुकानदार त्याला क्रॉप कव्हर म्हणतात. तारेच्या कमानी ओळीनं रोवायच्या आणि रोप लावल्याबरोबर वरून ते ओढायचं. एकराचं कापड दोन माणसं सहज उचलतात, इतकं हलकं. वरचं पाणी आत झिरपतं, ऊन गाळून आत येतं आणि जानेवारीच्या थंडीत रोपाला ऊब राहते. साध्या प्लास्टिकखाली रोप घामेजून उकडतं, तसं इथं होत नाही.

पहिल्या साली तिनं आठ ओळी लावल्या. चार झाकल्या, चार उघड्या ठेवल्या. ते कापड पाहून गावानं तिची रेवडी उडवली. त्यात एक घोळ तिनं स्वतःच केला. कापडाच्या कडा मातीत दाबायच्या असतात, त्यावर तिनं नुसते दगड ठेवले. दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि अर्धं कापड उडून महादेवरावांच्या बाभळीवर जाऊन बसलं. सकाळी डबा घेऊन निघालेले महादेवराव ते भूत समजून डब्यासकट माघारी पळाले, अशी गावात आख्यायिका आहे. ते स्वतः ती मान्य करत नाहीत.

पण महिन्याभरानं झाकलेल्या चार ओळी आणि उघड्या चार ओळी शेजारी-शेजारी पाहायला गाव आलंच. उघड्यांवर आठ फवारण्या झाल्या होत्या, झाकलेल्यांवर दोन. आणि तरी डोळे मिटून सांगता आलं असतं, की कोणती ओळ कोणती. पानाला हात लावला की कळत होतं.

तेव्हापासून बायका विचारायला येऊ लागल्या. जयवंता सांगताना काही लपवत नसे. "हे बी शेवटी प्लास्टिकच हाय, बाई. जाळाचं नाही, बांधावर फेकाचं नाही. गुंडाळून ठेवाचं, दुसऱ्या साली रोपावर घालाचं, फाटलं तं डाळिंबाले पिशव्या कराच्या." आणि प्रत्येकीला शेवटी हेही सांगत असे, की फूल दिसलं की कापड काढायचं.

गीतांजलीलाही सांगितलं होतं. शब्द अन् शब्द आठवत होता.

"तुले काढाचं सांगतलं होतं ना?" फाटकाशीच तिनं विचारलं.

"सांगतलं होतं. पन फुलं लागली अन् तिवश्याचे मोतीराम काका वारले. मामाजीचे चुलतभाऊ. आमच्यात सुतकात वेलाले हात नाही लावत, काकू. दहा दिवस. वेल बसते, सुकून जाते म्हन्तेत. मामाजी म्हणाले, कापड हाय ना वर, मंग भेव कायचं? राहू दे दहा दिवस. मले बी वाटलं, झाकलेलंच हाय, जपलेलंच हाय..."

"आज कितवा दिवस?"

"आठवा."

जयवंतानं तवा उतरवायला वर्षालीला हाक मारली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पायात चपला सरकवल्या. "चाल," ती म्हणाली. "फुलं नवाच्या आत उघडी असतेत. मंग मिटतेत. चाल लवकर."

"चहा तं घे," भगवंत म्हणाला. त्या सकाळी तो बोललेला पहिलाच शब्द. पण तोवर ती वळणापर्यंत पोहोचली होती.

महादेवराव वावरातच होते, बांधावर, हातात काठी. मोटर सुरू होती, ठिबकचं पाणी चाललं होतं.

"या! कापडवाल्या बाई या!" ते लांबूनच गरजले. "म्या तवाच म्हटलं होतं, जित्या वावराले कफन घालू नका. ऐकलं कोनी? आता पाहा."

जयवंता वाकली, एका ओळीचं टोक बोटभर उचललं आणि आत पाहिलं. वेल कमानीत मावत नव्हते, कापडाला ढुशा देत होते. पिवळी फुलं चिक्कार. काही फुलांच्या खाली बोराएवढी हिरवी गोटी, म्हणजे ही फळ धरणारी. पण मागच्या दिवसांतल्या गोट्या काळ्या पडून सुकल्या होत्या. ती मोजायला लागली आणि मग मोजणं सोडून दिलं. सरळ होत असताना तिला कापडाच्या वर काहीतरी हलताना दिसलं.

"भाऊजी, इकडं या. हे वर काय फिरून राह्यलं?"

महादेवराव नाइलाजानं आले. "मधमाश्या. त्यात काय?"

"सकायपासून दार शोधून राह्यल्या त्या. आत पोरी नटून बसल्या, अन् वऱ्हाड मांडवाच्या बाहेर उभं. लगन लागंल कसं? पोराच्या फुलातलं पोरीच्या फुलात कोनं न्यावं? कापडानं पांढरी माशी आत नाही येऊ दिली, तशी मधमाशी बी नाही येऊ दिली. त्याले काय समजते कोन चोर अन् कोन पाव्हना!"

गीतांजली मागून पुटपुटली, "मंग काकू, हे आधी कावून नाही सांगतलं?"

प्रश्न साधा होता. जयवंता तिच्याकडे वळली.

"नाही सांगतलं," ती म्हणाली. "काढाचं सांगतलं, पन कावून काढाचं ते नाही सांगतलं. मले वाटलं, सांगतलं तेवढं बस झालं. ही चूक माही हाय. कापडाची नाही अन् तुही बी नाही." मग महादेवरावांकडे वळली. "कापड आता काढा लागते, भाऊजी. आत्ता."

"दोन दिवस राह्यले सुतकाचे. मंग काढू."

"आज उमललेलं पोरीचं फूल उद्या राहत नाही. दोन दिवस म्हन्जे आणखी दोन दिवसांचे टरबूज गेले. वेल म्हातारा होते तं फय बारीक धरते. रमजानचे रोजे संपले की भाव पडते, मंग टरबूज आणून काय कराल?"

"घरच्यानं सुतकात हात लावला तं वेल बसते. बापजाद्यापासून हाय हे."

"मोटर तं रोज चालू करता."

"मोटरले कायचं सुतक?" महादेवराव भडकले.

"बरं. मले हाय का तुमचं सुतक?"

महादेवराव थबकले. भावकीत ती नव्हती. सुतक तिला नव्हतं.

"तुमी कोनीच हात लावू नका. बांधावर बसा. मी काढतो. अन् एक विचारतो, रागावू नका. मोतीरामभाऊनं जन्मभर काय केलं? वर्धा नदीच्या रेतीत टरबूज-डांगराची वाडी लावली का नाही? पूर आला की सारं वाहून जाये अन् दुसऱ्या साली पुन्हा वेल लावत. त्याह्यच्या नावानं वेल बिनफयाचे ठेवले, तं त्याह्यले गोड वाटंल का?"

महादेवरावांची काठी जमिनीवर एक-दोनदा आपटली. त्यांनी नाक शिंकरलं.

"मी हो म्हटलं नाही," ते म्हणाले. "नाही बी म्हटलं नाही." आणि बांधावरच्या निंबाखाली वावराकडे पाठ करून बसले.

जयवंतानं पहिल्या ओळीची माती पायानं मोकळी करायला घेतली. एकरभर कापड एकट्या बाईनं गुंडाळायचं, तेही वेल न दुखावता. तिसऱ्या ओळीवर तिला घाम फुटला. तेवढ्यात पायवाटेनं बायकांचा घोळका येताना दिसला. पुढे वर्षाली, मागे सहाही घरच्या. एकीच्या हातात विळा होता.

"जयवंताबाई, आमी आमचं कापड फाडाले निघालो," विळेवाली म्हणाली. "आमचे वेल वीस दिवसांचे झाले. तुमची सून म्हणाली, आधी इथं या. बोला, काय बोलाचं ते."

"बोलाले टाइम नाही. आधी हात लावा, मंग बोलू. ती ओळ धर. हळू, वेल कमानीले गुंडाळलाय."

आठ बायकांच्या हातांनी ओळी भराभर उघडल्या. कापड बाजूला झालं तशा मधमाश्या खाली उतरल्या, पण एकराला पुरतील इतक्या नव्हत्या. आठ दिवस वाट पाहून त्यांनी दुसरीकडचा रस्ता धरला असावा. जयवंतानं एक नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या मागे सोलल्या आणि हिरव्या गोटीवरच्या फुलाच्या मधोमध हलकेच टेकवलं. दोनदा, तीनदा.

"असं करा. कुंकवाचं बोट लावतो तसं. जोर नको."

"अवं!" निंबाखालून, पाठ न वळवता आवाज आला. "कोवळ्या टरबुजाले बोट दाखवलं तरी गळते, अन् तुमी हात लावत फिरता!"

"बोट नाही लावून राह्यलो, भाऊजी! फूल लावून राह्यलो!"

बायका खिदळल्या. गीतांजलीला वेलाला शिवायचं नव्हतं, म्हणून ती बांधावरून ओळी सांगत होती. बोट दाखवायची चोरी, तेव्हा हनुवटीनं. "तिकडं, त्या कोपऱ्यात दोन उघडे! नाही, त्याच्या पलीकडं!" हनुवटी इतकी हलवावी लागली, की वर्षाली म्हणाली, "ताई, मान मोडंल, जरा दमानं."

नऊ वाजून गेले, फुलं मिटायला लागली. मग बायका बांधावर बसल्या आणि जयवंता बोलली. फुलाचं, मधमाशीचं, कापडाचं, सगळं कावून-कशासाठी यासकट. "तुमच्या वेलाले अजून पोरीचं फूल नाही. आज कापड फाडाल, तं पांढरी माशी उद्या बसंल अन् थंडी आजच. चार-पाच दिवस दम धरा. रोज सकायी एक टोक उचलून पाहा. हिरवी गोटी दिसली की काढा. त्या दिवशी सोमवार असो का अमावास्या."

विळेवालीनं विचारलं, "अन् नाही धरलं तं?"

"तं माह्या फाटकाशी येऊन सांग. मी कुठं जाऊन राह्यली?"

विळा कमरेला खोचून ती उठली. त्या दिवशी गावात कुणी कापड फाडलं नाही.

पुढचे सहा दिवस जयवंता पहाटे महादेवरावांच्या वावरात असे. वर्षाली बरोबर, कधी दोघी-तिघी आणखी. बाजार एका दिवशी बुडाला, मेथी सुकली. चौथ्या दिवशी भगवंत स्वतः येऊन एका ओळीत बसला आणि जाड बोटांनी फुलं टेकवायला लागला. दहावं झालं तशी गीतांजलीही ओळीत उतरली. मधमाश्याही वाढल्या, आता कानाशी गुणगुण चालू असायची.

जे गेलं ते परत आलं नाही. वेलाच्या बुडाजवळची, सगळ्यात भरदार टरबुजं यायची ते आठ दिवस कोरेच राहिले. पण पुढच्या पेरांवर गोट्या टिकल्या, लिंबाएवढ्या झाल्या, मग नारळाएवढ्या. निम्म्याहून जास्त वेलांनी धरलं. आणि बाकीच्या सहा घरांनी कापड नेमक्या दिवशी काढलं. विळेवालीनं तर पहाटे कंदिलासारखा मोबाइल धरून पहिली गोटी शोधली आणि गावाला हाका मारून उठवलं.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी महादेवराव जयवंताच्या घरी आले. या वेळी फाटकातून आत, ओसरीवर. वर्षालीनं पाणी दिलं. ते प्यायले, मिशा पुसल्या आणि बराच वेळ भगवंताशी पाण्याच्या पातळीबद्दल बोलत राहिले. मग एकदम म्हणाले, "सुनेनं वावर दाखवलं काल. सारं. जयवंता, म्या गावात तुह्या नावानं बोंब मारली होती."

"मारली होती," जयवंता म्हणाली. ती शेंगा सोलत होती.

"आता उलटी बी मारली. पारावर सांगतलं, कापडाचा दोष नव्हता म्हून." ते घुटमळले. "तू सहा दिवस राबली. बाजार बुडवला. तुले काय देऊ? लुगडं आणू? टरबुजाची पहिली गाडी भरली की त्यातले चांगले वीस धाडतो."

"लुगडं नको. टरबूज माह्या वावरात हाय."

"मंग काय पाह्यजे? सांग ना. मले कोनाचं देनं ठेवाले आवडत नाही."

जयवंतानं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"पुढच्या साली वेलावर पहिलं पोरीचं फूल दिसलं, की त्याच दिवशी मले निरोप धाडजा. घरात सुतक असो, लगन असो, काही असो. मी येऊन कापड उचलून देईन."